लिनिया टी-जेटसाठी ट्यूनिंग निवडताना

माझी फियाट लिनिया टी-जेट २०११ सालची आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली ही गाडी गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. १३६८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, कारखान्यातून निघताना ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, अशी तिची कागदावरची ओळख. आधीच्या मालकाने मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) आणि मोकळा सायलेन्सर बसवला होता, हवा आत घेण्याचा मार्ग मी रुंद केला आणि इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, मात्र मूळचाच राहिला. त्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलत होती आणि पूर्वीइतकीच धावत होती.

यात ईसीयूचा काही दोष नव्हता. बॉशच्या एमई-७ पिढीपासून अशा गाड्यांचा ईसीयू टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या, हिशेबाने चालतो. पायाखालच्या पेडलचा अर्थ तो 'चालकाला एवढा टॉर्क हवा आहे' असा लावतो आणि तेवढा टॉर्क मिळेल इतकीच हवा थ्रॉटल (हवेची झडप) आणि टर्बोच्या वेस्टगेटद्वारे (टर्बोचा दाब आवरणारी झडप) आत सोडतो. हवेचा मार्ग मोकळा केला तर तेच काम तो थोड्या कमी कष्टात करतो, एवढाच फरक. म्हणून बदललेल्या भागांचा उपयोग करून घ्यायचा असेल, तर ईसीयूच्या हिशेबात हात घालणे भाग होते. तो कोणत्या मार्गाने घालावा, याचा शोध दीड वर्ष चालला. त्या काळात एक पिगीबॅक (मूळ ईसीयूला वरून जोडायचा) डबा, एक तयार रिमॅप (ईसीयूतले आकडे बदलणारी फाइल) आणि एक खास माझ्या गाडीवर बसून केलेला रिमॅप मी स्वतः वापरला आणि मावसभावाच्या गाडीवर स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी बसणारा स्वतंत्र, ईसीयू जवळून पाहिला. त्या सगळ्यांविषयीचा हा अभिप्राय आहे. गॅरेजांची नावे देत नाही, कारण निवड पर्यायाची आहे आणि त्यातले एक नाव देण्यासारखेही नाही.

माझी गरजही आधी सांगायला हवी. आठवड्याचे पाच दिवस कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे चांदणी चौकातून एसी चालू ठेवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणे. महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणी किंवा वाईवरून पसरणी घाटाने वर पाचगणी-महाबळेश्वर. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती पाहायला मी गेले आहे, पण तिथे स्वतःची गाडी उतरवण्याची इच्छा मला कधी झाली नाही. पेट्रोल पंपावर जे मिळेल ते.

सुरुवात पिगीबॅकने केली, कारण ते स्वस्त होते. एका ओळखीच्या व्यक्तीकडून वापरलेला ट्यूनिंग बॉक्स बारा हजारांत मिळाला. या प्रकारचे डबे सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतात आणि सेन्सरचा निरोप बदलून पुढे देतात. टर्बोच्या दाबाचा सेन्सर खऱ्या दाबापेक्षा कमी आकडा सांगू लागला, की ईसीयू दाब वाढवतो आणि इंजिन जास्त ताकद देते. दक्षिण आफ्रिकेतल्या डास्टेकच्या युनिचिपसारखी पिगीबॅक यंत्रे याहून बरीच पुढची आहेत. त्यांच्यात स्वतंत्र नकाशे, म्हणजे कोणत्या स्थितीत काय द्यायचे याचे तक्ते, असतात आणि ती प्रज्वलनाचा, म्हणजे ठिणगीचा, क्षणही बदलू शकतात. माझा डबा साधा होता. त्याला फिरवण्यासाठी एक खुंटी होती आणि ती किती फिरवावी याचे उत्तर 'मॅडम, तुम्हाला आवडेल तेवढी' असे होते.

पहिले तीन आठवडे मजेत गेले. पिकअप जाणवण्याइतका सुधारला, डबा काढून ठेवला की गाडी पुन्हा मूळची होत होती आणि ही सोय वॉरंटीतल्या गाड्यांच्या मालकांना का मोहात पाडते हे लक्षात आले. मग एप्रिलमध्ये, चार माणसे आणि सामान घेऊन पसरणी घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली असता पिवळा दिवा लागला आणि गाडीने अंग टाकले. इंजिन चालू, पण ताकद अर्धी. पाचगणीपर्यंतचा उरलेला रस्ता आम्ही एसटीच्या मागे निमूटपणे चढलो.

कारण नंतर समजले. थ्रॉटलच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब असे दोन आकडे ईसीयू वाचतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ते जवळपास जुळावे लागतात. डबा एकाच सेन्सरशी खोटे बोलत होता. दोन साक्षीदारांची जबानी जुळेना, तेव्हा ईसीयूने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापली. मला यात त्याचे शहाणपणच दिसले.

घाटातच हे का घडले, याचा एक हिशेब आपल्या भागातल्या प्रत्येक टर्बोमालकाने करून पाहावा असा आहे. मुंबईत हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात सुमारे ९५ आणि साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात सुमारे ८६. समजा, इंजिनला १८० किलोपास्कल निरपेक्ष (बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण) दाब हवा आहे. टर्बोला तो मिळवण्यासाठी मुंबईत हवा १.७८ पट दाबावी लागते, पुण्यात १.८९ पट आणि महाबळेश्वरात २.०९ पट. तेवढ्याच कामासाठी तो जास्त वेगाने फिरतो आणि हवा अधिक गरम करून पाठवतो. मूळच्या ईसीयूत या गोष्टीची काळजी घेतलेली असते, उंचीनुसार तो आपली मागणी कमी करतो. खुंटीच्या डब्याला उंची कळत नाही. तो भोसरीत जेवढे खोटे सांगतो तेवढेच पाचगणीतही सांगतो. दुसरा धोका इंधनाचा आहे. ज्या गाड्यांत त्याच दाबाच्या आकड्यावरून पेट्रोल मोजले जाते, तिथे आकडा कमी सांगितला की हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती नेमकी पूर्ण ताकदीच्या वेळी येते. हळू चालताना ऑक्सिजन सेन्सर ती चूक सुधारतो, परंतु साध्या अरुंद पट्ट्याच्या (पेट्रोल कमी की जास्त एवढेच सांगणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या जुन्या गाड्या पूर्ण रेसमध्ये त्याच्याकडे पाहतच नाहीत.

डबा विकून मी तयार रिमॅपकडे वळले आणि हा निर्णय डब्यापेक्षा महागात पडला. शहरातल्या एका दुकानात अठरा हजारांत 'स्टेज वन' (पहिल्या पायरीचा तयार रिमॅप) मिळत होते. लॅपटॉप जोडला, वीस मिनिटांत फाइल चढवली, चहा दिला, गाडी परत दिली. गाडीत इंटरकूलर कोणता आहे, क्लच किती जुना आहे, मी कोणते पेट्रोल भरते, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. सकाळच्या थंड हवेत गाडी खरोखर चांगली पळत होती. दुपारी मात्र तीच गाडी डब्याच्या आधीच्या गाडीपेक्षाही मंद वाटू लागली आणि आपल्याला भास होतो आहे असे मी महिनाभर स्वतःला समजावले.

फियाटवाल्यांना परिचित असलेल्या, ईसीयू वाचणाऱ्या मल्टीईसीयूस्कॅन या प्रोग्रॅमने एका रविवारी मी नोंदी काढल्या, तेव्हा भास नसल्याचे दिसले. फाइल परदेशात तयार झालेली असावी असे मला वाटते, कारण तिच्यातला प्रज्वलनाचा क्षण आपल्या पेट्रोलला झेपणारा नव्हता. युरोपात पंपावरचे साधे पेट्रोल ९५ ऑक्टेनचे (हा आकडा ठोक्याला विरोध करण्याच्या क्षमतेचा) असते, आपल्याकडे अनेक वर्षे ते ९१ होते. ठिणगी वेळेआधी पडली की मिश्रण आपोआप भडकून ठोका बसतो, नॉक सेन्सर तो ऐकतो आणि ईसीयू ठिणगी मागे नेतो. माझ्या गाडीत दुपारच्या उन्हात प्रत्येक जोरदार चढणीवर हेच चालले होते. फाइल पुढे ढकलत होती, ईसीयू मागे ओढत होता, आणि या ओढाताणीचे पैसे मी दिले होते. मूळची फाइल परत चढवून द्या असे सांगायला गेले, तेव्हा ती जपूनच ठेवली नसल्याचे दुकानदाराने शांतपणे सांगितले. रिमॅप करून घेणाऱ्यास मी सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला सांगते: मूळ फाइल वाचून माझ्या हाती देणार का? उत्तर 'गरज नाही' असे आले, तर चहासुद्धा घेऊ नये.

मधल्या काळात मावसभावाची एस्टीम आकार घेत होती. ती कार्ब्युरेटरच्या काळातली आहे, म्हणजे तिच्यात बदलायला मूळचा ईसीयूच नव्हता. त्याने नाना पेठेत फिरून नंतरच्या इंजेक्शनवाल्या एस्टीमचे थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर मिळवले, इंजिन फिरताना कुठे आहे हे ईसीयूला कळावे म्हणून क्रँकच्या पुलीवर छत्तीसमधला एक दात गाळलेली चकती बसवली आणि मेगास्क्वर्ट जोडला. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी स्वतः जोडणाऱ्यांसाठी हा ईसीयू तयार केला. आर्डुइनो मेगावर चालणारा मुक्तस्रोत स्पीडुइनो त्याहून स्वस्त पडतो, आणि खिसा मोठा असेल तर न्यूझीलंडचा लिंक, ऑस्ट्रेलियाचे हॅल्टेक व मोटेक, पोलंडचा ईसीयूमास्टर अशी वरची रांग आहे. स्टँडअलोनमध्ये सगळा नकाशा तुमच्या हाती असतो: कोणत्या फेऱ्यांवर आणि कोणत्या दाबाला किती हवा सिलिंडरमध्ये जाते, ठिणगी कधी पडते, इंजेक्टर उघडायला किती उशीर लावतो. भावाने हे सगळे शिकून घेतले आणि आज त्याची एस्टीम सुरेख चालते. ती पाहून माझाही जीव काही काळ डळमळला होता.

पण त्या गाडीचा थंड स्टार्ट नीट बसायला पूर्ण एक हिवाळा लागला, कारण इंजिन रात्रभर थंड होते ते दिवसातून एकदाच. डिसेंबरच्या पहाटे तो एक आकडा बदलायचा, गाडी सुरू करायची, चूक समजायची आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. ताई, हा छंद आहे, वाहन नव्हे, असे तोच मला म्हणाला. शिवाय माझ्या लिनियात इमोबिलायझर, डॅशबोर्डचे काटे, एसी, पंखा आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल हे सगळे मूळ ईसीयूशी कॅनच्या (गाडीतल्या यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक) तारेवरून बोलतात. ईसीयू काढला की ते संभाषण नव्याने उभारावे लागते. हार्नेस (तारांचा जुडगा), सेन्सर आणि ट्यूनिंग धरून भावाचा खर्च लाखाच्या वर गेला आणि त्याच्या गाडीत तर तोडायला जुने काही नव्हतेच. कार्ब्युरेटरची मारुती किंवा जिप्सी, इंजिन बदललेली गाडी, मूळच्या ईसीयूला वाचताच येणार नाहीत इतके मोठे इंजेक्टर, अशा ठिकाणी स्टँडअलोनला पर्याय नाही. इंटरकूलर आणि सायलेन्सर बदललेल्या रोजच्या गाडीला तो देणे म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा बदलणे होय.

शेवटी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कार्यशाळेत, गाडी रोलरवर चढवून रिमॅप करून घेतला. तिथल्या ट्यूनरने पहिल्या दिवशी ट्यूनिंग केलेच नाही, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. त्याने हवेच्या नळ्यांत धूर सोडून गळती शोधली. इंटरकूलरच्या खालच्या नळीची पट्टी ढिली निघाली, म्हणजे मी दीड वर्ष टर्बोची हवा रस्त्याला वाटत होते. प्लग काढून त्यांची फट मोजली, पेट्रोलचा दाब मोजला, सायलेन्सरच्या नळीला वेल्डिंग करून रुंद पट्ट्याचा, म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाण नेमके मोजणारा, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर बसवला. 'क्लच घसरला तर इथेच थांबू, पैसे घेणार नाही,' असे आधीच सांगितले.

रोलरविषयी एक बारकावा इथे नोंदवते, कारण जाहिरातींत तो कोणी सांगत नाही. काही डायनो (ताकद मोजायची रोलरची यंत्रे) फक्त जड रोलर फिरवून पूर्ण रेसमधली ताकद मोजतात. काहींना ब्रेक असतो आणि ते इंजिनला हव्या त्या फेऱ्यांवर, हव्या त्या भाराखाली रोखून धरू शकतात. चांदणी चौकातली गाडी सुधारायची असेल तर दुसऱ्या प्रकारचा डायनो लागतो, कारण नकाशातला २,००० फेऱ्यांवरच्या अर्ध्या पेडलचा कप्पा भरण्यासाठी इंजिनला तिथे थांबवावे लागते. तिथे तो होता. दोन संध्याकाळी ट्यूनर आधी इंधन, मग बूस्ट (टर्बोचा दाब) आणि सगळ्यात शेवटी प्रज्वलन, या क्रमाने सरकत गेला आणि प्रत्येक फेरीनंतर नॉकच्या नोंदी पाहत होता. खालच्या फेऱ्यांवर त्याने बूस्ट मुद्दाम हळू चढवला. 'खाली धक्का जास्त दिला तर तुम्हाला पहिल्या दिवशी आवडेल आणि क्लचला सहा महिन्यांनी आवडणार नाही,' हे त्याचे स्पष्टीकरण.

चाकांवरची ताकद त्या रोलरवर ९३ अश्वशक्तीवरून ११८ वर गेली. हे आकडे कोणत्याही हवामान-दुरुस्तीशिवायचे, म्हणजे उंची आणि हवेनुसार गुणक न लावलेले, आहेत आणि तशीच मागणी मी केली होती. नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनासाठी समुद्रसपाटीचा गुणक लावणे रास्त असते, परंतु टर्बो उंचीची तूट बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो. पुण्यात टर्बो गाडीच्या आकड्याला तोच गुणक लावला की पाच-सहा अश्वशक्ती कागदावर फुकट उगवतात. म्हणून दुसऱ्या रोलरवरचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, त्याच रोलरवरचा आधीचा आणि नंतरचा फरक तेवढा पाहावा.

मला ताकदीपेक्षा बदललेला स्वभाव जास्त आवडला. दुसऱ्या गिअरमध्ये एसी चालू असताना पेडल किंचित दाबले की पूर्वी गाडी क्षणभर विचार करायची, ती आता करत नाही. पसरणी घाट पुन्हा एप्रिलमध्येच, पुन्हा चार माणसांसह चढले. दिवा लागला नाही. नोंदी पाहिल्या तर वर जाताना ईसीयू बूस्टची मागणी टप्प्याटप्प्याने कमी करत होता, म्हणजे कारखान्याने दिलेली ही दक्षता ट्यूनरने तशीच ठेवली होती. मूळ ईसीयूवरचा रिमॅप मला इतर पर्यायांहून श्रेष्ठ वाटतो तो यामुळे. थंड स्टार्ट, उंची, एसीचा भार, सेन्सर बिघडला तर काय करायचे, यांवर कारखान्यातल्या अभियंत्यांनी केलेले काम त्यात शाबूत राहते. एकूण ३८,००० रुपये लागले, वेल्डिंग आणि प्लग धरून.

सेवेत उणिवा आहेत. पावती मागितल्यावर चार दिवसांनी मिळाली, ठरलेली वेळ दोनदा पुढे गेली आणि ट्यूनर फोन उचलत नाही, हे त्याच्या सगळ्या ग्राहकांना ठाऊक आहे. मूळ फाइल त्याने दुसऱ्या टी-जेटवरून मिळवून, माझ्या ईसीयूच्या क्रमांकाशी जुळवून दिली, आणि नवी फाइलही पेन ड्राइव्हवर दिली.

पेट्रोलचा प्रश्न अजून चालूच आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जिथे १४.७ भाग हवा लागते, तिथे या मिश्रणाला साधारण १३.५ पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते आणि इंजेक्टर तेवढा जास्त वेळ उघडे राहतात. जुन्या इंधनावर काठाशी पोचलेले इंजेक्टर इथे कमी पडतात. इथेनॉल ठोक्याला चांगला विरोध करते, ही त्याची जमेची बाजू. रुंद पट्ट्याचा मीटर लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: बहुतेक मीटर आतून लॅम्डा (हवा गरजेच्या किती पट आहे तो आकडा) मोजतात आणि इंधन कोणतेही असो, त्याला १४.७ ने गुणून दाखवतात, त्यामुळे मीटर थेट लॅम्डावरच ठेवलेला बरा. माझी गाडी या मिश्रणासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या मी बदलून घेतल्या आहेत.

इतर गाड्यांच्या मालकांसाठी थोडेसे. चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयला मूळचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे आणि तिच्या सात गिअरच्या डीक्यू २०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० ची, म्हणजे तिथे रिमॅपची हद्द इंजिनाआधी गिअरबॉक्स ठरवतो. बलेनो आरएसच्या बूस्टरजेटला गिअर हाताने टाकायचे असल्याने तिथे डोळा क्लचवर ठेवावा. १.३ मल्टीजेट डिझेलवाल्यांना डबे अजूनही भुरळ घालतात, परंतु मागे काळा धूर सोडत जाणारी गाडी ही जास्त डिझेल जाळण्याची पावती असते, ताकदीची नव्हे.

कायद्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो. मी धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू दिला नाही, पीयूसी दर वेळी पास होते आणि आधीच्या मालकाचा मोकळा सायलेन्सर उतरवून शांत सायलेन्सर बसवला आहे. त्यात दोन अश्वशक्ती गेल्या असतील. सोसायटीच्या वॉचमनने मात्र पहाटे पाचला निघताना पहिल्यांदाच हसून फाटक उघडले.

एक कुरबूर राहिली आहे: पावसाळी सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात फेऱ्या थोड्या वरखाली होतात. ट्यूनरने त्या वेळच्या नोंदी मागितल्या आहेत. तीन सकाळच्या पाठवल्या, चौथ्या सकाळी पाऊस नव्हता.